फळीवरचे बूट

ऑरिन हॅलेटला मी एकतीस वर्षं ओळखते, आणि त्यातली निदान दोन तरी त्याची वाट बघण्यात गेली आहेत. कोणी विचारलं की ओडेटबाई, तुमचं उतारवय कुठे गेलं, तर मी सरळ सांगेन: क्रो पॉइंटच्या लाकडी जिन्याखाली, एका हट्टी म्हाताऱ्याच्या बुटांकडे बघत.

बुटांचं आधी सांगायला हवं. केप कॉडच्या आमच्या बाजूला ओहोटी लागली की समुद्र मैलभर मागे जातो आणि नुसती पुळण उघडी पडते. वाळूचे लांबलचक बांध आणि मध्ये चर. भरती फिरली की पट्टेरी बास मासे आधी चरांतून आणि मग बांधांवरून, गुडघाभर पाण्यात, वाळूतले बारके मासे आणि खेकडे टिपत किनाऱ्याकडे येतात. पाणी इतकं नितळ की मासा वेगळा दिसतो आणि त्याची सावली वेगळी. आम्ही अनवाणी त्यांना सामोरे जातो आणि केसापिसांचा बांधलेला फ्लाय, म्हणजे गळावरचा खोटा मासा, त्यांच्या नाकासमोर टाकतो. मेख अशी की भरतीचं पाणी नुसतं समोरून येत नाही. ते आधी तुमच्या पाठीमागच्या चरांत शिरतं. त्यामुळे उत्तम मासे दिसायला लागतात तीच नेमकी परत फिरायची वेळ असते. शहाणी माणसं परत फिरतात. ऑरिन फिरत नाही.

म्हणून ती फळी. जिन्याच्या पायथ्याशी कुठल्यातरी फुटलेल्या जहाजाची जाड फळी दोन दगडांवर ठेवलेली आहे. पुळणीवर जाणाऱ्याने आपले बूट तिच्यावर काढून ठेवायचे, टोकं समुद्राकडे करून. परत आला की घालायचे. भरतीचं पाणी फळीसमोरच्या काळ्या दगडाला लागलं आणि फळीवर बूट उरले असतील, तर जो कोणी तिथे असेल त्याने वर गाडीपाशी जाऊन तीन लांब हॉर्न द्यायचे, आणि फळी रिकामी झाल्याशिवाय घरी जायचं नाही. हे कुठे लिहिलेलं नाही, पाटी लावलेली नाही. पण कितीही घाई असली तरी आमच्याकडे कोणी दुसऱ्याचे बूट मागे ठेवून गेलेलं मला माहीत नाही.

ऑरिन गावच्या शाळेत शिपाई होता आणि मी तिथल्याच जेवणघरात स्वयंपाकीण. बॉयलर त्याच्या ताब्यात, शेगड्या माझ्या ताब्यात, आणि भांडण रोजचं. माझा नवरा टोनी गेला त्या हिवाळ्यात, एके दिवशी शाळा सुटल्यावर ऑरिन जेवणघराच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "भांडी राहू देत. जिममध्ये ये." तिथे त्याने माझ्या हातात गळाची काठी दिली, दोराच्या टोकाला लाल लोकरीचा गोंडा बांधला आणि बास्केटबॉलच्या रिंगखाली उभं करून मला दोर फेकायला शिकवायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी मला रडू कोसळलं. तो म्हणाला, "रडायचंय तर खुशाल रड, पण मनगट वाकवू नकोस." सांत्वनाची त्याची मजल तिथपर्यंतच. पण त्या जूनमध्ये मी पहिला पट्टेरी धरला, आणि तेव्हापासून ह्या माणसाच्या तावडीत सापडले ती सापडलेच.

तावडी म्हणते ते उगाच नाही. फ्लाय बांधायला त्याला केस लागतात, आणि ते कोणाचे हे तो बघत नाही. माझ्या बहिणीच्या कुत्र्याची शेपटी त्याने दोनदा भादरली. चर्चला जायच्या माझ्या कोटाची पांढरी केसाळ कॉलर एका ईस्टरला अर्धीच उरली होती. "खोट्या खेकड्याचं पोट सुरेख झालं तिचं," म्हणाला. पुळणीवर कोणी अनोळखी माणूस वेडावाकडा दोर फेकताना दिसला की हा आपला चालत जाऊन त्याचं कोपर धरतो. स्वतः मासा धरला तर मोजणं नाही, फोटो नाही, पाण्यातल्या पाण्यात गळ काढून सोडून देतो, आणि संध्याकाळी माझ्याकडचं सूप पिता पिता एवढंच म्हणतो, "आज एक बरा होता." त्यात काहीही सांगा, पहिलं उत्तर "काय?"

"औषध घेतलंस का?"

"काय?"

"दार लाव, माश्या येतायत."

"काय?"

मी नुसतं समुद्राकडे बोट केलं की मात्र मान गर्रकन वळायची. मी समजायचे, सोयीचं तेवढंच ऐकणाऱ्यांतला आहे. टोनीही तसाच होता.

गेल्या वर्षी मे महिन्यात हा म्हातारा, वय वर्षं सत्त्याहत्तर, गळ्यापर्यंत भिजून पुळणीवरून परत आला. मी चाळीस मिनिटं हॉर्न वाजवत होते. आल्या आल्या म्हणाला, "तिसऱ्या बांधावर सोळा होते. सोळा!" दातांवर दात आपटत होते आणि बोटांनी आकडा दाखवत होता. त्याला ताप भरला, आणि दुसऱ्या दिवशी त्याची मुलगी रोंडा वूस्टरहून आली. ती तिथल्या दवाखान्यात नर्स आहे. गोड मुलगी, पण एकदा ठरवलं की बापावर गेलेली. तिने आधी ट्रकच्या चाव्या पर्समध्ये टाकल्या आणि मग मला स्वयंपाकघरात बोलावलं.

"ओडेट मावशी, मी भांडत नाही, फक्त सांगते. पाणी काळ्या दगडाला लागायच्या आत पप्पांचे बूट फळीवरून उचललेले पाहिजेत. एकदा जरी राहिले, तरी मी त्यांना वूस्टरला घेऊन जाणार. खोली तयार आहे."

"अगं, तिथे समुद्र नाही. तो काय करेल तिथे?"

"जिवंत राहतील."

ऑरिन बाहेरच्या खोलीत पांघरूण घेऊन बसला होता. मी त्याच्यासमोर उभी राहून सगळं नीट, मोठ्याने सांगितलं. वूस्टर म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला. बंदी झाली तर तो आजारी पडणार नाही, चिडणार नाही, नुसता खिडकीशी बसून राहील, हे मला माहीत होतं, आणि त्यालाही. "वेळेवर येईन," तो म्हणाला. मी त्याच्या वतीने रोंडाला शब्द दिला. मूर्खच मी.

मग जून सुरू झाला आणि माझा छळ सुरू झाला. मासे अगदी रंगात आलेले असायचे, मी अर्धा दोर बाहेर काढलेला असायचा, आणि घड्याळ बघून मला काठी गुंडाळून पाव मैल चालत जाऊन ह्याची बाही ओढायला लागायची. "चल." "काय?" "अरे चल म्हणते ना!" "एकच टाकतो." बाही धरून गुरासारखा त्याला हाकत मी किनाऱ्यावर आणायचे, आणि वर तो मलाच ऐकवायचा, "तुझ्या धपाधपा चालण्याने वाळू गढूळ होते." महिनाभर मी एक धड मासा धरला नाही. पण बूट मात्र एकदाही फळीवर राहिले नाहीत.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात रोंडा सुट्टी घेऊन राहायला आली. रोज दुपारी ती जिन्याच्या वरच्या पायरीवरून खाली फळीकडे नजर टाकून जायची. ऑरिनच्या ते लक्षात आलं, आणि त्याचं डोकं चालू लागलं. फ्लाय बांधणाऱ्याचं डोकं, फसवण्यात मुरलेलं. त्याने विचार केला असणार की रोंडा बघते ते बूट. फळीवर बूट नाहीत, म्हणजे उशीरही नाही.

त्या गुरुवारी तो म्हणाला, "आज तू पूर्वेला जा. मी नंतर येऊन पश्चिमेच्या चराकडे जाईन. तू असलीस की मासे लांब राहतात." मला राग आला, पण सुटकाही वाटली. महिनाभरात प्रथमच मी माझी एकटी होते. पाऊण तासात दोन मासे धरून सोडले. एकच्या सुमाराला समुद्राकडून धुकं सरकताना दिसलं तशी मी निघाले. पाणी अजून काळ्या दगडापासून चांगलं लांब होतं. फळीवर माझे बूट होते, आणखी कोणाचेच नव्हते.

मला काय वाटलं ते सांगायला आज लाज वाटते. मला भरून आलं. म्हटलं, शहाणा झाला बाई एकदाचा! धुकं बघून आपल्या पायांनी परत गेला. ट्रक रोंडाने काढून घेतल्यापासून तो चालतच यायचा, त्यामुळे बुटांखेरीज त्याची दुसरी खूण नव्हती. मी खुशीत घरी गेले, सकाळी करून ठेवलेलं कोबी आणि सॉसेजचं सूप गरम केलं आणि दोनच्या सुमाराला पातेलं घेऊन त्याच्या घरी गेले. रोंडा ओसरीवर वाचत बसली होती.

"कुठे आहे आपला गुणी बाळ?" मी विचारलं.

"तुमच्याबरोबर नाहीत?"

"माझ्याबरोबर? फळीवर बूट नव्हते त्याचे."

"मीही बघून आले, मावशी. नव्हते, म्हणून तर मी निर्धास्त. म्हटलं तुमच्या गाडीतून आले, दोघं कुठे कॉफीला थांबलात."

मग मी त्याच्या खाटेखाली वाकून बघितलं. बूट नव्हते. दारात काढलेले माझे बूट घालायलाही मी थांबले नाही. मी तशीच मोज्यांवर गाडीकडे पळाले. पातेलं ओसरीवरच राहिलं.

क्रो पॉइंटवर पोचलो तर समोर नुसतं पांढरं. समुद्र नाही, पुळण नाही, जिन्याच्या खालच्या चार पायऱ्यासुद्धा दिसत नव्हत्या. मी खाली जाऊन आले. काळा दगड कधीच पाण्याखाली गेला होता. रोंडाने बंदरावर फोन केला. त्यांची बोट निघाली, पण त्या धुक्यात तीही चाचपडत येणार. मी गाडीत बसले आणि हॉर्न दाबला. दाबायचे, सोडायचे, कान द्यायचे. उत्तर म्हणून एक हाक नाही. रोंडा जिन्यावर उभी राहून "पप्पा! पप्पा!" ओरडत होती आणि तिचा आवाज हळूहळू बसत चालला होता.

वीस मिनिटं. अर्धा तास. मी हॉर्न वाजवत होते, रडत होते आणि त्याला शिव्या घालत होते, तिन्ही एकदम. तू मेलास तर बघ, असं मी मोठ्याने म्हणाल्याचं मला आठवतंय. माझी खात्री झाली होती की तो बुडाला, आणि त्याहून वाईट म्हणजे फळी रिकामी बघून मी त्याला मागे ठेवून आनंदाने घरी गेले होते.

शेवटी मी हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही.

आणि धुक्यातून, जिन्याकडून नाही तर भलत्याच बाजूने, पश्चिमेच्या रस्त्यावरून ऑरिन आला. काखेपर्यंत भिजलेला, अनवाणी, हातात काठी. बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधून ते त्याने गळ्यात अडकवले होते. तो सावकाश चालत माझ्या गाडीच्या नाकासमोर येऊन उभा राहिला. माझा हात अजून हॉर्नवरच. इतक्या जवळ कोणीही माणूस दचकतो, कान झाकतो, निदान तोंड वाकडं करतो. त्याने पापणीसुद्धा हलवली नाही. खिडकीपाशी येऊन त्याने काचेवर टकटक केलं आणि विचारलं, "कोणाची वाट बघतेयस?"

मी हात काढला. रोंडा धावत आली होती, ती जागच्या जागी थांबली. तिनेही बघितलं होतं.

"पप्पा," ती म्हणाली, "हॉर्न ऐकू नाही आला?"

"कुठला हॉर्न?"

कान जाऊन त्याला दोन वर्षं झाली असतील, तीनही असतील. समोर असलं की तो ओठांवरून बोलणं ओळखायचा. स्वच्छ हवेत तो मागे वळून किनारा बघायचा, माणसं निघालेली दिसली की अंदाजाने यायचा. मी बोंबलत राहायचे आणि समजायचे की मुद्दाम करतोय. त्याच्या प्रत्येक "काय?"वर मी किती चिडले होते! आता कोणावर चिडू ते कळेना, म्हणून मी त्याच्यावरच चिडले.

"बूट गळ्यात घालून गेलास? फळीला फसवलंस?"

"आलो की नाही?" तो म्हणाला. "वाळूच्या वळ्या पायाला लागतात. त्यांची उभी बाजू किनाऱ्याकडे असते. आंधळासुद्धा येईल." आणि मग, न राहवून, "ओडेट, शेवटच्या बांधावर एक होता…" त्याने हात पसरून लांबी दाखवली. रोंडाने त्याच्या त्या पसरलेल्या हातांकडे बघितलं आणि तोंड फिरवून रडायला लागली.

"सामान भरा," ती म्हणाली. "आजच निघायचं."

आता बोलायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं. मी म्हटलं, "रोंडा, तो वूस्टरला येणार नाही. रोज संध्याकाळी मी त्याच्याकडे जाईन, जेवतो की नाही ते बघेन. पण पुळण बंद. पाण्यात पाय टाकायचा नाही. हे मी सांगते, तू नाही." तिने डोळे पुसले आणि मान डोलावली. खरं तर तिलाही त्याला न्यायचं नव्हतं.

आता हे त्याला सांगायचं होतं. मी म्हणाले, "ऑरिन, तुझं मासे धरणं संपलं."

"काय?"

मी आवाज वाढवला. "तुझं मासे धरणं संपलं!"

"काय म्हणतेस?"

तोवर बोट परत फिरवायला सांगून बंदरावरचे दोघंजण रस्त्याने आले होते, शेजारपाजारचे चारजण हॉर्न ऐकून जमले होते. त्या सगळ्यांच्या देखत मला ते वाक्य तिसऱ्यांदा, गळा फाडून ओरडावं लागलं. आयुष्यात इतकं वाईट काम मी केलेलं नाही. ह्या वेळी त्याला कळलं. त्याने काठी गाडीला टेकवली, गळ्यातले बूट काढले आणि तिथेच खाली बसून पायात चढवले. ओल्या नाड्यांची गाठ त्याला सुटेना. ती मी सोडवली.

नंतर कानाचं यंत्र आलं. ते साखरेच्या डब्यात राहायचं. "त्यात घरातल्या फ्रिजचा आवाज येतो, तो ऐकून काय करू?" खिडकीशी बसून तो फ्लाय बांधायचा, रोज दोन-तीन, आणि कोणासाठी ते बोलायचा नाही. संध्याकाळी मी निघताना ते माझ्या रिकाम्या पातेल्यात पडलेले असायचे. मी सहा आठवडे पुळणीवर गेले नाही. त्याच्या खिडकीवरून काठी घेऊन जाण्याचा मला धीर होईना, आणि धीर होत नाही याचाही राग यायचा. एका संध्याकाळी तो एकदम म्हणाला, "मासे ऑक्टोबरपर्यंतच असतात. तुझं वय काय कमी होतंय?"

दुसऱ्या दिवशी मी गेले. हवा लख्ख होती. फळीवर बूट ठेवत होते तेवढ्यात जिन्यावरून पावलं वाजली आणि हा खाली आला. हात पुढे केला.

"गाडीची चावी दे."

"कशाला?"

"काय?"

"कशाला म्हणते मी!"

"कोणीतरी वाट बघायला नको?"

मी चावी दिली आणि गेले. तिसऱ्या बांधावर पोचले. सुरुवातीला काही नव्हतं. मग पाणी मांडीला लागायला आलं तेव्हा उजवीकडून एक सावली आली, लांब, एकटी, संथ. इतका मोठा पट्टेरी मी पायी चालत जाऊन कधी गाठला नव्हता. मी त्याने बांधलेला फ्लाय टाकला. मनगट वाकवलं नाही. मासा वळला, फ्लायच्या मागे आला, तोंड उघडणार…

आणि किनाऱ्यावरून हॉर्न सुरू झाला. तीन लांब वगैरे नाही. एकच, अखंड, थांबायचं नाव नाही. वाजवणाऱ्याला तो ऐकू येत नव्हता, त्यामुळे पुरे झालं हे कळणार कसं? मी दचकले, काठीला झटका बसला, मासा शेपटी मारून गेला. घड्याळ बघितलं. काळ्या दगडाला पाणी लागायला अजून अर्धा तास होता. तणतणत पाऊण मैल चालून आले, आणि हॉर्न तेवढा वेळ वाजतच होता. वरच्या घरांतली माणसं बाहेर आली होती. मी जिना चढून गाडीचं दार उघडलं आणि त्याचा हात ओढून काढला.

"अर्धा तास होता अजून! चाळीस इंची होता, चाळीस! तोंड उघडलं होतं त्याने!"

"वेळेवर आलीस," तो म्हणाला. खूश होता. गाडीतून उतरला तेव्हा दिसलं की तो अनवाणी आहे.

मी खाली बघितलं. फळीवर माझ्या बुटांशेजारी त्याचेही बूट ठेवलेले होते, नीट जोडून, टोकं समुद्राकडे.

आम्ही दोघं खाली उतरलो. मी माझे बूट घातले. तो फळीवर बसला आणि त्याच्या बुटांना त्याने हात लावला नाही. पाणी तिसऱ्या बांधावरून पुढे सरकत होतं आणि तो तिकडे बघत होता, जणू अजून तिथेच उभा होता. फळी रिकामी झाल्याशिवाय घरी जायचं नाही, हा आमचा नेम आहे. सूप घरी तसंच राहिलं होतं. मी त्या चाळीस इंचीचा राग गिळला आणि त्याच्या शेजारी बसून, तो परत यायची वाट बघत राहिले.